गुलछडी आणि माझं अर्धं डोकं

डोकं दुखतं एकाचं, पण त्याचे किस्से सगळ्या घराचे होतात. माझ्या अर्धशिशीचं तसंच झालं. मी स्वतःहून कुणाला फारसं सांगितलं नाही. पण राहू गावातल्या आमच्या मळ्यात पहाटे गुलछडीच्या, म्हणजे निशिगंधाच्या, कळ्या तोडताना आम्ही चौघी चार सऱ्यांत वाकलेल्या असायचो. आई, काकी, शेजारच्या तारामावशी आणि मी. अंधूक उजेडात कुणाचं तोंड नीट दिसत नाही, हात आपोआप चालतात, आणि वास असा दाटलेला असतो की आपण हवेत नाही, दुधात उभे आहोत असं वाटतं. अशा वेळी बोलणं सुटतं. चौघींत सगळ्यांत कमी बोलणारी मी. त्यामुळे बाकी तिघींचं सगळं माझ्याकडे साठत गेलं, आणि त्यातलं निम्मं माझ्याच डोक्याबद्दलचं निघालं.

*

पहिल्यांदा झालं ते विज्ञानाच्या तासाला. मॅडम फळ्यावर लिहीत होत्या आणि त्यांच्या गालापाशी एक ठिपका चमकला. मला वाटलं, खिडकीतून ऊन आलं असेल. पण ठिपका वाढत गेला. त्याची कड दातेरी झाली, नव्या साडीच्या जरीवर ऊन पडावं तशी लुकलुकू लागली. खरं सांगायचं तर ते सुंदर होतं. मी बघतच राहिले. त्या दातेरी रेघेच्या पलीकडे मॅडम नव्हत्याच, खडू धरलेला एक हात तेवढा होता.

नेमकं तेव्हाच मॅडमनी मला उभं केलं आणि फळ्यावरचं वाचायला सांगितलं. दिसलं तेवढं मी वाचलं. म्हणजे प्रत्येक ओळीचा डावीकडचा अर्धा भाग. वर्ग हसला. मॅडम चांगल्या आहेत, त्या रागावल्या नाहीत. मागून दिसत नसेल म्हणून त्यांनी मला पहिल्या बाकावर आणून बसवलं.

तिथून अर्ध्या मॅडम आणखी मोठ्या दिसल्या.

थोड्या वेळानं रेघ विझली आणि मग दुखायला लागलं. एकाच बाजूला, डोळ्याच्या मागे, ठणठण. काळजाचं ठिकाण बदलून ते तिथं राहायला आल्यासारखं. मधल्या सुट्टीत मी नळापाशी उलटी केली आणि गुडघ्यात डोकं घालून बसले. सुट्टीतला आरडाओरडा रोजचाच होता, पण त्या दिवशी तो टोचत होता.

*

घरी प्रत्येकानं आपापलं निदान केलं. आई म्हणाली, पित्त. काकी म्हणाली, नजर. तारामावशींचं मत पडलं की एवढ्याशा डोक्यात एवढा अभ्यास कोंबल्यावर ते दुखणार नाही तर काय करणार. वडील, म्हणजे आमचे आप्पा, म्हणाले, चष्मा. आप्पांचं मत पडलं की त्याची अंमलबजावणी होते, म्हणून दुसऱ्याच दिवशी आम्ही दौंडला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डोळे उत्तम निघाले. नंबर शून्य.

आप्पांनी तसं घरी सांगितलं तर काकीला ते पटेना.

"शून्याचा तर शून्याचा," ती म्हणाली. "एवढ्या लांब गेलायसा तर घेऊन तरी यायचा."

*

एकदा काकीच्या माहेरची माणसं आली होती. मी पाणी घेऊन बाहेर आले आणि वाटेतच ती जरीची रेघ सुरू झाली. या वेळी तिच्याबरोबर आणखी एक झालं. माझे शब्द गेले. तांब्या माझ्या हातात होता, पण त्याला काय म्हणतात ते येईना. शब्द विहिरीच्या तळाशी दिसत होता, वर येत नव्हता. पाहुण्यांनी नाव विचारलं. इयत्ता विचारली. मी नुसती हसले.

मला आतून फार भीती वाटत होती. पण कुणाच्या काही लक्षात आलं नाही, कारण एरवीही मी पाहुण्यांपुढे तेवढंच बोलते. काकीची वहिनी तर खूश झाली. म्हणाली, "पोरगी लय गुणाची हाय. एक शब्द उलटून बोलत न्हाई."

"सरळ बी बोलत न्हाई," काकी म्हणाली.

पाहुणे गेले तोवर माझे शब्द परत आले होते. मी आईला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं आणि आप्पांना हाक मारली.

*

या वेळी मोठ्या डॉक्टर होत्या. दौंडलाच, पण मेंदूच्या. त्यांनी मला हात-पाय हलवायला लावले, डोळ्यांत बॅटरी मारली, सरळ रेषेत चालवलं. मग पुष्कळ विचारलं. एकाच बाजूला दुखतं का, ठणकतं का, उजेड नको वाटतो का, आवाज नको वाटतो का, आधी काही चमकतं का. मी मान हलवत गेले. जे माझ्याशिवाय कुणालाच दिसत नाही असं मला वाटत होतं, ते यांना सगळं माहीत होतं. शब्द जाणं हाही त्याचाच भाग असू शकतो, पण असं पहिल्यांदा झालं की घरी बसून राहू नका, दाखवायला या, असं त्यांनी आप्पांना बजावलं. कधी एकदम, आयुष्यात झालं नाही इतकं जोरात दुखलं, तापात मान आखडली, किंवा हातापायातली शक्ती गेली, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

मग त्या म्हणाल्या की मायग्रेन बऱ्याचदा घरातच चालत आलेलं असतं. "आई, तुम्हाला होतं का असं?"

"न्हाई बाई," आई म्हणाली. "मला नुसतं पित्ताचं डोकं उठतं. उजव्या बाजूला. मग उजेडाकडं बघवत न्हाई, फोडणीचा वास सोसत न्हाई. उलटी झाली की जरा बरं वाटतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"आणि हे किती वर्षांपासून होत नाही तुम्हाला?"

"लग्नाच्या आधीपासनं न्हाई," आई म्हणाली.

*

डॉक्टरांनी गोळी दिली. ती चमक दिसताच किंवा दुखायला सुरुवात होताच घ्यायची, अंगावर काढून मग नाही. पण वरचेवरही नाही, कारण फार गोळ्या झाल्या तर गोळ्यांनीच डोकं दुखतं. मी ती कंपासपेटीत ठेवायला लागले. दुसरं सांगितलं ते अंधाऱ्या, शांत खोलीत पडून राहायचं.

आमच्या घरात अंधारी खोली नव्हती. आप्पांनी कलिंगडाच्या वेळचा उरलेला मल्चिंग पेपर काढला. शेतात वाफ्यावर अंथरतात तो प्लास्टिकचा कागद, एका बाजूनं काळा, एका बाजूनं चंदेरी. माझ्या खोलीच्या दोन्ही खिडक्यांना त्यांनी तो स्वतः ठोकला. मला धरून आत नेलं आणि अंधार किती झालाय ते बघायला दिवा लावला.

शेतात चंदेरी बाजू वर ठेवतात. त्या सवयीनं आप्पांनी ती आमच्याकडे, म्हणजे आत ठेवली होती. खोली मंगल कार्यालयासारखी लखलखली.

दुसऱ्या दिवशी कागद उलटा झाला. आता तिथं दुपारीही मऊ, काळी संध्याकाळ असते. मी डोळे मिटून पडते, कपाळावर ओलं फडकं असतं, आणि पंख्याचा आवाज लांबून पाटाला पाणी सोडल्यासारखा येतो. दुखणं ओसरत जातं तेव्हा आपण आहोत की नाही हेही नीट कळत नाही, आणि ते बरं वाटतं.

तारामावशी बघायला आल्या. खिडकीवर हात फिरवून म्हणाल्या, "पोरीला मल्चिंग केलं. आता तण येणार न्हाई."

*

डॉक्टरांनी असंही सांगितलं होतं की दुखणं यायच्या आदल्या दिवशी शरीर खुणा देतं, त्या ओळखायला शिका. मी लक्ष ठेवलं. माझ्या दोन खुणा निघाल्या. एक, मान आखडते आणि जांभया येतात, एकामागून एक. दोन, गूळ खावासा वाटतो.

हे मी फक्त आईला सांगितलं, पण सकाळी सऱ्यांमध्ये काही एकट्याचं राहत नाही. मग काय व्हायचं, मी जांभई दिली की पलीकडच्या सरीत काकी द्यायची, मग आई, मग तारामावशी. पार बांधापर्यंत जांभई जायची. मग मावशी विचारायच्या, "ही कुणापासनं सुरू झाली?" माझ्यापासून असेल तर सगळ्या गप्प.

गुळाचं तर विचारू नका. मी डब्याला हात लावला की आई खोलीतलं अंथरूण झटकायची, आप्पा पाण्याची मोटार बंद करायला बाहेर जायचे, आणि काकी टीव्ही बंद करायची. एकदा तिची मालिका अगदी रंगात आली होती. तिनं निमूटपणे टीव्ही बंद केला आणि माझ्याकडे बघत बसली. रात्र गेली, दुसरा दिवस गेला, मला काही झालं नाही.

"आता दुखलं न्हाई तर बघ," काकी म्हणाली.

त्या दिवशी मला नुसताच गूळ खावासा वाटला होता.

*

तरीपण डोकं उठायचंच. शाळेच्या दिवसांत तर जास्तच. दहावीचं वर्ष, आणि सराव परीक्षेचा एक पेपर मी अर्धा टाकून आले. तेव्हा आप्पांना डॉक्टरांची यादी पुन्हा आठवली. अर्धशिशी कशाकशानं उठू शकते ते डॉक्टरांनी सांगितलं होतं: झोप मोडणं, जेवण चुकणं, पाणी कमी पिणं, ऊन, ताण, उग्र वास. यातलं आप्पांनी शेवटचं धरलं. आप्पांना ट्रॅक्टरनं सुटणारे प्रश्न आवडतात.

आणि वास तर आमच्या दारातच होता. गुलछडीचा प्लॉट घराला लागून आहे. संध्याकाळी कळ्या उमलायला लागल्या की भिंतीसुद्धा वास देतात.

तो प्लॉट आईचा. जमीन घरचीच, पण कंद तिनं लावले, खुरपलं तिनं. उसाचं बिल आप्पांच्या खात्यावर जातं. फुलांची पट्टी, म्हणजे बाजारातून येणारा पैसा, मात्र आईच्या हातात येते. माझी फी, काकीचा दातांचा दवाखाना, तारामावशींची मजुरी, सगळं त्यातून. आप्पा म्हणाले, गुलछडी काढून ऊस लावू. आईनं एवढंच म्हटलं, "आधी बघा तरी, वासानंच व्हतंय का."

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मला शिरूर तालुक्यात, कवठे येमाईला मावशीकडे पाठवलं. तिच्या शेताच्या चहूबाजूंना कांदा. फूल म्हणून अंगणातली एक तुळस, तीही मंजिऱ्यांची. मी सूर्य वर येईपर्यंत झोपायची. उठले की मावशी भाकरी आणि दही समोर ठेवायची आणि मी संपवेपर्यंत हलायची नाही. दुपारी कांद्याच्या पातीवरून वारा यायचा आणि मी ओसरीवर पुस्तक तोंडावर घेऊन पडायची. दिवस कुठे संपतात ते कळायचं नाही. डोकं एकदाही दुखलं नाही.

मावशी रोज फोनवर तसं कळवायची. आनंदानं कळवायची. आणि तिकडे फोन ठेवला की आई प्लॉटकडे बघत बसायची. हे काकीनं मला नंतर सांगितलं.

*

मी परत निघाले तो मंगळवार होता. मावशीकडे देवीचा मंगळवार सगळे धरतात. मीही धरला. पहाटे उठवून, आंघोळ घालून मावशीनं मला येमाईच्या दर्शनाला नेलं. मग घोटभर चहा, आणि शिरूरहून एसटी. घरी जाऊन फराळ कर, म्हणाली.

न्हावऱ्याच्या पुढे मला जांभया येऊ लागल्या. भीमेच्या पुलावर पाण्यावरचं ऊन चमकलं आणि पूल संपला तरी ते चमकतच राहिलं. मग त्याला दात आले. मी गोळी घेतली, पाणी प्यायले, ओढणी डोळ्यांवर ओढली. ओढणीच्या आतही ती रेघ सरकत होती, हळूहळू, तिला कसली घाई नसल्यासारखी. खिडकीतून उसाचा, डिझेलचा, शेणखताचा वास येत होता. गुलछडीचा नव्हता. तो मला आला नव्हता, इतक्या दिवसांत एकदाही.

फाट्यावर उतरून घराच्या वळणावर आले तर ट्रॅक्टरचा आवाज ऐकू आला. रोटाव्हेटर जोडून आप्पा प्लॉटमध्ये उतरले होते. बांधाकडची एक सरी मातीत गेली होती. मातीवर पांढऱ्या कळ्या पडल्या होत्या. आई, काकी आणि तारामावशी पुढच्या सऱ्यांतून उद्याच्या कोवळ्या कळ्यासुद्धा खुडून घेत होत्या, मिळतील तेवढ्या.

आप्पांनी मला पाहिलं आणि हात केला. त्यांना वाटलं मी खूश होईन.

मी दुसऱ्या सरीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. का ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. डोकं ठणकायला लागलं होतं आणि इंजिनाचा आवाज थेट त्याच्यात जात होता.

"बाजूला हो गौरे, वास लागंल," आप्पा वरून म्हणाले.

"आप्पा, डोकं दुखतंय."

"म्हणून तर काढतोय न्हवं."

"कवठ्याहून येतानाच सुरू झालंय. तिथं फुलं नव्हती."

आप्पांनी स्टिअरिंगवरून खाली वाकून पाहिलं.

"मग काय व्हतं तिथं?"

"उपवास."

आई कळ्या घेऊन तशीच पुढे आली. सकाळपासून काय खाल्लंस, तिनं विचारलं. मी म्हटलं, चहा. आप्पा कधी नव्हे ते आईकडे वळले आणि त्यांनी विचारलं की ही रोज शाळेत जाताना काय खाऊन जाते. आईनं काकीकडे पाहिलं. काकीनं तारामावशींकडे. पहाटे अंधारात उठायचं, फुलं बाजारात नेणारा टेम्पो यायच्या आत कळ्या तोडायच्या, की पळत शाळेची गाडी. चूल त्यानंतर पेटायची.

"आम्ही तरी कुठं खातो," काकी म्हणाली.

आप्पांनी किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. डिझेलच्या खालून गुलछडीचा वास हळूहळू परत वर आला.

आई मला मल्चिंगच्या खोलीत घेऊन गेली. भाकरी दुधात कुस्करून तिनं मला भरवली, अंधारात, चाचपडत. बाहेर ट्रॅक्टर मागे मागे जात बांधाबाहेर पडल्याचा आवाज आला.

मावशीला कळवलं तेव्हा ती आधी घाबरली. मग म्हणाली, देवीला काय, पोराबाळांनी खाल्लेलं चालतं.

*

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी वासाला अगदी निर्दोष सोडलं नाही. कळ्यांचे क्रेट घरात ठेवू नका म्हणाल्या. पण झोप आणि जेवण यांच्या वेळा पाळा, रविवारीसुद्धा, असं त्यांनी माझ्याकडे नाही, आप्पांकडे बघून सांगितलं. आईलाही गोळी दिली. ती अजून तिला पित्ताचीच गोळी म्हणते.

ठरलं असं की मी उजाडेपर्यंत झोपायचं, भाकरी-दूध खायचं आणि मगच शाळा. प्लॉटमध्ये एक माणूस कमी झालं. टेम्पो काही कुणासाठी थांबत नाही. आईनं विचारलं, पोरीची सरी कोण धरणार. आप्पा म्हणाले, बघतो. आम्हाला वाटलं, गावातून एखादी बाई लावतील. आमच्याकडे कळ्या तोडायला पुरुष जात नाहीत. पुरुष पाणी देतात, औषध मारतात, क्रेट उचलतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला अर्धवट जाग आली. खोलीत काळोख होता आणि काळ्या कागदाच्या कडेनं बारीक निळा उजेड आत येत होता. बाहेर नेहमीचे आवाज. कळ्या ओटीत पडतात त्याचा आवाज नसतोच खरं तर, पण मला तो ऐकू येतो. मग तारामावशी म्हणाल्या, "आप्पा, कळी तोडायची, दांडा न्हाई. ऊस न्हाई ह्यो."

मला वाटलं मी स्वप्नात आहे. मी कागदाची कड जराशी वर केली. माझ्या सरीत आप्पा वाकलेले होते. कळ्या टाकायला आईचं जुनं लुगडं त्यांनी कमरेला ओटी करून बांधलं होतं. डोक्यावर टोपी होती.

तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकल थांबली. डेअरीला दूध घेऊन निघालेले जगूनाना होते. त्यांनी पाय टेकला आणि आप्पांना टोपीपासून ओटीपर्यंत पाहून घेतलं.

"आप्पा," ते म्हणाले, "हे काय?"

"औषध हाय," आप्पा म्हणाले. मान वर केली नाही.

"का, काय व्हतंय तुम्हाला?"

"मला कुठं काय व्हतंय. पोरीचं हाय."

मोटारसायकल तिथंच फटफटत उभी राहिली. मग हळूच निघून गेली. मी कागद खाली सोडला, कूस बदलली आणि पुन्हा झोपले.